गाजरांची चौथी पुडी

एकेचाळीस वर्षं मी कापडं रंगवली. शाळेत फारसा गेलो नाही, पण गिऱ्हाइकाने समोर चिंधी टाकली की तिच्यात कोणता रंग किती मिसळलाय, हे जिभेला मीठ कळावं तसं मला कळायचं. म्हणून बायकोच्या डोळ्यांतून रंग जायला लागले तेव्हा ते तिच्याआधी माझ्या लक्षात आलं. आधी ती कच्चे आणि पिकलेले टोमॅटो एकाच टोपलीत ठेवू लागली, मग एक दिवस एका पायात काळा आणि एका पायात हिरवा मोजा घालून बसली, आणि मी हिरवा काढून काळा चढवला.

डॉक्टर म्हणाले, कापून बरं होण्यासारखं हे नाही, आहे ती नजर टिकेल तेवढी टिकवा, भाज्या द्या, गाजरं द्या. महिनाभर मी रोज गाजर किसून दिलं. मग तिने ताटली सरकवली.

"अहो, मी काय ससा आहे का?"

"डोळ्यांना चांगलं असतं."

"मग दुसऱ्या रंगाचं तरी आणा. हे नारिंगी बघूनच पोट भरतं. तेवढा एकच रंग धड दिसतो, तर तुम्ही त्याचाच सूड घ्या माझ्यावर."

दोघंही हसलो. पण तिने काहीतरी मागितलं, याला किती वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी मी बियाणांच्या दुकानात गेलो.

"आजोबा, नारिंगी लावा आणि वरून रंग द्या," दुकानदार म्हणाला. "तुमचा धंदाच तो." मग माझं तोंड बघून त्याला दया आली असावी. त्याने खण उपसून एक जाड कार्ड काढलं. ते कोणी ठेवून गेलं होतं हे त्याला आठवेना. मागे पत्ता होता, पुढे चार रिकामे चौकोन, आणि खाली छापलं होतं, 'गाजरांचे हवे ते रंग कळवा.' निघताना तो म्हणाला, "वेळेवर काढा बरं का. मातीत जास्त राहिलं की कुजतं."

रंग नावाने कळवता येत नाही. जांभळा म्हटलं की दहा माणसांच्या मनात दहा जांभळे उभे राहतात. आमच्या कामात नमुना देतात, तसाच मी दिला. बायकोच्या शालीच्या आतल्या दुमडीतून नखाएवढा तुकडा कापला. ती शाल मी लग्नाच्या वर्षी रंगवली होती, कढईच्या तळाशी उरलेला चमचाभर निळा चुकून त्यात गेला होता आणि तसा जांभळा मला पुन्हा कधी साधला नाही. मग खिडकीच्या पडद्यातून पिवळा घेतला, आणि लेकीच्या तान्हेपणीच्या झबल्यातून लाल. तिन्ही तुकडे खळीने चिकटवले.

बायकोने कार्ड मागून घेतलं आणि डोळ्यांजवळ नेलं, इतकं जवळ की पापण्या कागदावर घासल्या.

"या चौथ्यात काय लावलंय? मला दिसत नाही."

"काही नाही. रिकामाच आहे तो."

तरी बराच वेळ ती त्या चौकोनात बघत राहिली. मग मी कार्ड पोस्टात टाकलं.

पंधरवड्याने पाकीट आलं. आत चार पुड्या होत्या. तीन माझ्या, आणि चौथी, जिच्यावर काहीच लिहिलं नव्हतं. नमुने परत आले नाहीत. नमुना परत करायचा असतो, तो कायदा नाही, रीत आहे. मला जरा वाईट वाटलं, एवढंच.

कारखान्यातले रंगाचे रिकामे डबे माझ्याकडे होते, हातभर खोल. ते गच्चीत मांडले, मातीत वाळू मिसळून ती भुसभुशीत केली, चिमटीने बी पेरलं, वर ओलं गोणपाट घातलं आणि कोंब दिसताच काढलं. पिसांसारखी पानं आली. चौथ्या डब्यात मात्र दोनच रोपं उगवली, शेजारी शेजारी.

तीन महिन्यांनी पहिलं जांभळं गाजर उपटून धुतलं आणि मी गच्चीतच खाली बसलो. तोच जांभळा होता, त्या चमचाभर निळ्यासकट. लहान पोरासारखा धावत मी ते तिच्याकडे नेलं.

"गोड आहे हो," ती चावत म्हणाली. "रंग कसा आहे?"

"तुझ्या शालीसारखा."

"कुठली शाल?"

शाल तिच्या मांडीवरच होती आणि शालीला रंग नव्हता. विटलेलं कापड मी ओळखतो. रंग कितीही विटला तरी शिवणीत, दुमडीत थोडा लपून राहतो. मी काठ उसवून पाहिला. लोकर कोरी होती, कढई कधी पाहिलीच नसावी अशी.

दुसऱ्या दिवशी मी पिवळ्याच्या डब्याशी बसलो, मान वळवून पडद्याकडे बघत राहिलो, आणि एका हाताने गाजर उपटलं. पडदा हलला नाही. फक्त खोलीतलं ऊन पांढरं झालं.

लाल मी काढणार नव्हतो. पण दुपारी माझा डोळा लागला, आणि उठलो तर ती हाताने चाचपत गच्चीतून येत होती, ओठ ओले.

"तुमचा चिक्कूपणा बघवेना. दोन उपटून खाल्ली."

पेटीतलं झबलं मी बराच वेळ उघडून पाहिलं नाही. मग पाहिलं.

त्यानंतर मी चौथ्या डब्याजवळ गेलो नाही. गेलो तो आज सकाळी, ती स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून वाटाणे सोलत असताना. बोटाने रोपांच्या बुडाशी माती बाजूला केली. दोन्ही गाजरांचे माथे दिसले, गोल, ओलसर, घारे. डावीकडच्याच्या कडेला मोहरीएवढा काळा ठिपका होता. तो ठिपका मी पन्नास वर्षं पाहत आलोय, रोज, समोर बसून जेवताना.

मी घाईने वर माती लोटली, चांगली चार मुठी.

"अहो," आतून हाक आली, "दिवे गेले का?"

बाहेर लख्ख ऊन होतं.

"अहो, कुठे आहात? काही दिसत नाही मला. डोळ्यांत खुपतंय, माती गेल्यासारखं."

मी माती काढली, एकेक कण करून, तिच्या डोळ्यातलं कुसळ काढायचो तशी, आणि शेवटी हलकेच फुंकर घातली.

आतला आवाज थांबला. मग वाटाणे वाटीत पडायला लागले. उघड्या दारातून मला तिची पाठ दिसत होती, पांढरा अंबाडा दिसत होता.

"हां, आता बरं वाटतंय," ती मान न वळवता म्हणाली. "पण एवढं वाकून काय बघताय माझ्याकडे? सरका की जरा. किती निळं आहे तुमच्या मागचं आभाळ!"

मी सरकलो. ऊन दोन्ही रोपांवर पडलं. पानं कडेने पिवळी पडायला लागली होती, गाजरं काढणीला आल्यासारखी.