बामच्या डबीतली गोळी

"कारभाऱ्याला भर जत्रेत, देवीसमोर, सगळ्या गावादेखत खाली बसवीन, तवाच नावाचा सूर्यभान," अशी प्रतिज्ञा सूर्यभान आबांनी दूध केंद्राच्या ओट्यावर केली. ऐकणारे गार पडले. मग आबा ताडकन निघून जाण्यासाठी उठायला गेले, तर गुडघा उठेना. शेवटी दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि तिसऱ्यानं त्यांची किटली हातात दिली.

"आधी तुमी नीट उभं ऱ्हा, आबा," तो म्हणाला. "कारभाऱ्याला बसवायचं मागून बघू."

कारभारी म्हणजे आबांचा मेहुणा, लंकाबाईंचा धाकटा भाऊ. सोयरीक गावातल्या गावात झालेली, त्यामुळे इतरांना मेहुणा सणासुदीला भेटतो, आबांना तो रोज भेटायचा. दोघांचे गुडघे एकाच हिवाळ्यात धरले. दोघं एकाच जीपनं संगमनेरला गेले, एकाच डॉक्टरनं दोघांचे गुडघे दाबले आणि दोघांना एकच गोळी लिहून दिली. कारभाऱ्यानं पहिली गोळी स्टँडवरच घेतली आणि गावात जीपमधून उतरला तो उडी मारून. आबांनी अख्खं पाकीट संपवलं, दुखणं जागचं हललं नाही.

आबा पुन्हा डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "असं होतं, आबा. एकाला लागू पडते, दुसऱ्याला नाही. प्रत्येकाचं शरीर वेगळं. आपण बदलून पाहू." केंद्रावर दुधाचा फॅट कमी लागला की केंद्रवालाही गाईकडे बोट दाखवून असंच काहीतरी बोलायचा. म्हणून आबांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला नाही. नव्या गोळ्या घेतल्या आणि फळीवर ठेवून दिल्या.

इथवर ठीक होतं. पण जत्रा तोंडावर आली. देवीची काठी, म्हणजे घराच्या आढ्यापेक्षा उंच कळक, त्याला वरपासून खालपर्यंत रंगीत फडकी. ती कमरेच्या शेल्यात रोवून वेशीपासून देवळापर्यंत नाचवत न्यायचा मान आबांच्या घराण्याचा. यंदा आबांना झेपेल का, असं पंचांनी विचारलं, तेव्हा कारभारी चारचौघांत म्हणाला, "दाजींना दुखत-बिखत काय न्हाई. जी गोळी मी खाल्ली तीच त्यांनी खाल्ली. खरं दुखत असतं तर थांबलं असतं की. उन्हात चालायचा कंटाळा, दुसरं काय."

पंच खो खो हसले आणि काठी कारभाऱ्याला देऊन मोकळे झाले. ज्याचं दुखणं खोटं, त्याला काठी द्यायला खरं तर काहीच हरकत नव्हती. पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ओट्यावरची प्रतिज्ञा आबांनी केली ती त्याच संध्याकाळी.

घरी लंकाबाई म्हणाल्या, "माझा भाऊ बघा. एका गोळीत घोड्यावानी पळाया लागला."

"त्याचं दुखणंच लबाड हुतं," आबा म्हणाले. "लबाड दुखणं कशानंबी जातं. पेपरमिंटनंबी जाईल."

असं म्हणाले आणि हातातली भाकरी हातातच राहिली.

कारभाऱ्याच्या अंगठ्यांना घट्टे. त्याला पाकिटातली गोळी वेळेला फोडता यायची नाही. म्हणून त्यानं सगळ्या गोळ्या एकदाच काढून बामच्या रिकाम्या डबीत भरून ठेवल्या होत्या. ती डबी सदऱ्याच्या खिशात, आणि सदरा रोज सकाळी आबांच्या गोठ्यातल्या खुंटीला. कारण कुट्टीचं मशीन दोघांत एकच होतं आणि भुसा अंगाला लागतो म्हणून कारभारी उघडा होऊन कडबा घालायचा.

आबा स्वतः संगमनेरला जाऊन पांढऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या घेऊन आले. कुट्टीच्या खडखडाटात डबी रिकामी झाली आणि भरली. वास येण्याचा प्रश्न नव्हता. बामच्या डबीतून येतो तोच वास येत होता. आणि कारभारी गोळी जिभेला न लावता तांब्याभर पाण्याबरोबर ढकलणारा.

त्यानंतर आबांचे दिवस फार सुखात गेले. सकाळी उठून आधी ते मेहुण्याच्या दारात.

"गुडघा कसा हाय, कारभारी?"

"लोण्यावानी झालाय, दाजी. लई भारी गोळी."

"खा, खा. येळ चुकवू नको."

दुपारी पुन्हा चक्कर, तो काठीचा सराव करताना बघायला. संध्याकाळी देवळापर्यंत, कारभारी नेमका कुठल्या पायरीशी बसला की सगळ्यांना नीट दिसेल, ते ठरवायला. एकदा लंकाबाईंनी हाक मारली, "अहो, टेकायची काठी ऱ्हायली घरी."

"मला कामं हायेत," असं म्हणत आबा बांध उतरूनसुद्धा गेले.

जत्रेच्या दिवशी हलगी कडाडत होती. कारभारी काठी नाचवत देवळाच्या पायरीशी आला, तेव्हा आबा हात वर करून आडवे उभे राहिले. हलगी थांबली.

"कारभारी, तुझ्या डबीतली गोळी तोंडात टाक. अन् चाव."

"चावू? कडू असंल की."

"चाव तर."

शेजारच्यानं डबी काढून दिली. कारभाऱ्यानं चावली. सगळं गाव त्याच्या जबड्याकडे बघत होतं.

"दाजी, ही गोड लागतीया."

"पेपरमिंट हाय. स्टँडवरच्या दुकानातली. इतके दिस पेपरमिंट खाऊन नाचतोयस तू. आता सांग गावाला, कुनाचं दुखनं खोटं."

गाव असं हसलं की देवळावरची कबुतरं उडाली. कारभाऱ्याचा चेहरा उतरला, पाठोपाठ गुडघा उतरला. "आई गं," करत तो आबांनी ठरवलेल्या पायरीच्या एकच पायरी खाली बसला. काठी कलली. आबांनी झेप घेऊन ती धरली, शेल्यात रोवली आणि हलगीवाल्याला मान हलवली. पायऱ्या चढून देवीपर्यंत नाचवत नेली.

"दाजी," खालून कारभारी कण्हत विचारत होता, "पन तुमच्या गुडघ्याचं काय?"

हलगीत आबांना ते ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकू आलं असतं. डोळे उघडले तेव्हा करायचं काहीच उरलं नव्हतं. कुणाच्या दारात जायचं नव्हतं, काही ठरवायचं नव्हतं. आणि गुडघा परत आला होता, मागची बाकी धरून. फळीवरची नवी गोळी आबांनी घेतली. दुपारपर्यंत वाट पाहिली.

दुपारी कारभारी भिंत धरत, लंगडत आला आणि बाजेच्या पायथ्याशी टेकला. लंकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि एकट्याच कुट्टी करायला निघून गेल्या.

दोघं आपापला गुडघा चोळत बसले.

"कारभारी," शेवटी आबा भिंतीकडे बघत म्हणाले, "डबीत ऱ्हायल्यात का काही? एक दे की."