शेवटच्या दोन बोटांचा दाब

मी काडतुसं भरायचं यंत्र बोलतोय. आधीच सांगून टाकतो, दारू मी सांडली नाही. बाकीचं ऐकायचं असेल तर बसा, नसेल तर जिना समोर आहे.

माझा जन्म लोखंडाच्या ओतशाळेतला. शाळा-बिळा काही शिकलो नाही, एकच काम येतं. दांडा खाली दाबला की माझी तबकडी वर जाते. तबकडीवर पितळी पुंगळ्या उभ्या असतात. एकीत बंदुकीची दारू पडते, तिच्या पुढचीवर गोळी बसते. दांडा वर गेला की तबकडी एक घर सरकते. एका दाबाला एक काडतूस तयार.

पण दांडा तळाला टेकला पाहिजे. शेवटचं दोन बोटांएवढं अंतर जड जातं आणि दारू सोडणारी खिडकी पूर्ण उघडते तीही तिथेच. आधीच सोडून दिलात तर थोडी दारू नरसाळ्यात लटकून राहते, मग तबकडी सरकली की भलतीकडे पडते. सांडलेली दिसते. पुंगळीत कमी पडलेली दिसत नाही, कारण तिच्या डोक्यावर लगेच गोळी बसते आणि तोंड बंद होतं.

मी अमेरिकेतल्या मोंटानात ऑरिन स्टोरडालच्या तळघरात असतो. ऑरिननं तीस वर्षं रस्त्यावरचं बर्फ ढकलायचं वाहन चालवलं. गावातली बोलिंगची जागा बंद पडली तेव्हा तिथली मेपलच्या लाकडाची फळी त्यानं उचलून आणली आणि तिच्यावर मला चार बोल्टांनी आवळलं. हात चांगला होता त्याचा. घाई नाही, हिसका नाही. खाली दाबायचा, क्षणभर थांबायचा, मग वर. पंचवीस वर्षांत सांडलेली दारू झाडायला ब्रश हातात घ्यायची वेळ आली नाही.

त्याची मुलगी जोलीन चौदा वर्षांची झाल्यापासून दर ऑक्टोबरात तो तिच्यासाठी चाळीस काडतुसं भरतो. डबीवर पेन्सिलीनं लिहितो, ‘जोलीन. बाबाकडून.’ आता ती चाळिशीला टेकली, शाळेची बस चालवते. पण एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीला दुकानातलं काडतूस नेत नाही. घरातला फ्रीजर त्या मांसावर भरतो. आणि एकदाच सांगतो, ती गोळी झाडते तेव्हा बापच सोबत असतो असं तिला वाटतं. हे तिनं कधी म्हटलं नाही. मला तिच्या डबी उचलण्यावरून कळतं.

मग एका फेब्रुवारीत ऑरिन अंगणातल्या बर्फावर आपटला. उजवा खांदा गेला. कोणाला सांगितलं? कोणालाच नाही. इथली माणसं अशीच. ट्रकचा टायर पंक्चर झाला तर अख्ख्या गावाला सांगतील, स्वतःचं काही मोडलं तर ‘जरा अवघडलंय’.

त्या ऑक्टोबरात तो माझ्यासमोर बसला आणि दुसऱ्याच दाबाला तबकडीवर दारू सांडली. पाचव्याला पुन्हा. शेवटची दोन बोटं तो दाबतच नव्हता.

मग त्यानं काय नाही केलं! माझी स्प्रिंग बदलली. फळीखाली नाणं सरकवून मला समतल केलं. दारू चिकटते म्हणून कपडे वाळवायच्या यंत्रात टाकतात तो वासाचा कागद नरसाळ्यातून फिरवला. दोन दिवस मी बाईच्या ओढणीसारखा घमघमत होतो. प्रत्येक वेळी ब्रशनं दारू झाडायची, शिव्या मला घालायच्या आणि पुढचं काडतूस भरायचं. अशी चाळीस भरली.

गुरुवारी ऑरिनचा जुना दोस्त क्लिफर्ड आला. त्याचा एक डोळा काचेचा आहे. तरुणपणी एका काडतुसात दारू कमी पडली होती. गोळी नळीतच अडकली. त्यानं पुढचा बार काढला आणि बंदूक गालाशी फुटली.

‘‘हे काय सांडलंय रे?’’ त्यानं विचारलं.

‘‘यंत्र म्हातारं झालंय.’’

‘‘एकटं यंत्रच का?’’

‘‘कॉफी पी आणि तोंड बंद ठेव.’’

तेवढ्यात जोलीन जिना उतरली. हातात चिलीचं, म्हणजे खिमा-राजम्याच्या रश्श्याचं पातेलं, वर दालचिनीचे रोल. ‘‘बाबा, परवा पहाटे निघतेय. माझी डबी?’’

डबी तयार होती. ती तिनं बगलेत मारली आणि तिची नजर तबकडीवर गेली.

‘‘बाबा, तू कधीपासून घाण करायला लागलास?’’

‘‘मी नाही, ते. स्प्रिंग बदलली, तरी रडतंय.’’

‘‘सर बाजूला.’’ तिनं दांडा धरला. दहा वेळा खाली, दहा वेळा वर. एक कण सांडला नाही. मी मुद्दाम नीट वागलो असा संशय ऑरिनच्या तोंडावर दिसत होता. मुद्दाम कसला? तिनं पूर्ण दाबला, एवढंच.

‘‘आता तू दाब.’’

ऑरिननं दाबला. सांडली. दांड्यावरच्या त्याच्या हातावर जोलीननं आपला हात ठेवला आणि राहिलेली दोन बोटं हळूच खाली दाबली.

‘‘आई गं!’’

सत्तरीचा माणूस लहान पोरासारखा ओरडला.

‘‘कधीपासून?’’ तिनं विचारलं.

‘‘फेब्रुवारी.’’

‘‘आठ महिने! आणि कोणाला सांगितलंस? या लोखंडाला?’’

‘‘त्यालाही नाही,’’ क्लिफर्ड म्हणाला. ‘‘त्याला नुसत्या शिव्या.’’

ऑरिन हसला नाही. तो तिच्या बगलेतल्या डबीकडे बघत होता. मग क्लिफर्डच्या डोळ्याकडे. काचेच्या.

‘‘ती डबी दे इकडे,’’ तो म्हणाला.

‘‘अरे बाबा, थोडी सांडली असेल, तेवढ्यानं...’’

‘‘दे म्हटलं ना, जोलीन!’’

त्यानं गोळ्या उपटायची हातोडी काढली, काडतूस आत बसवून आपटलं की गोळी निघते ती. पण ती आपटायलाही खांदा लागतो. म्हणून जोलीन आपटू लागली, क्लिफर्ड दारू काट्यावर मोजू लागला आणि ऑरिन आकडा बघून मान हलवू लागला. चिली थंड झाली, तिच्यावर चरबीची साय धरली. सव्विसाव्या काडतुसाला मान हलली नाही. अर्धीच दारू होती. चौतिसाव्यालाही तसंच.

ऑरिननं त्या दोन रिकाम्या पुंगळ्या फळीवर उभ्या केल्या. ‘‘या तुझ्या गालाशी ठेवल्या होत्या मी, पोरी,’’ एवढंच म्हणाला.

जोलीननं नाक पुसलं. ‘‘मग ऊठ. रडतोस काय, मला परवा जायचंय. मी दाबते, तू बघ.’’

तेव्हापासून असंच चालतं. ती दांडा दाबते. तो स्टुलावर बसून विजेरीनं प्रत्येक पुंगळीत डोकावतो आणि म्हणतो, ‘‘हं.’’ तो ‘हं’ आल्याशिवाय गोळी बसत नाही. खांद्याचं ऑपरेशन झालं, पण पूर्वीचा हात काही परत आला नाही. वेळ तिप्पट लागतो. मला कुठे जायचंय?

त्या दोन पुंगळ्या माझ्या डोक्यावरच्या खाचेत ठेवल्यात. कोणी पुसायला उचलल्या तर ऑरिन खेकसतो.

तुम्हाला एकच सांगणं. सांडलेलं दिसलं की ब्रश शोधू नका. आधी थांबा आणि कमी कुठे पडलंय ते बघा. आणि हात दुखत असेल तर तोंडानं सांगा. मला तोंड नाही म्हणून तुमचं दुखणं माझ्या नावावर खपतं, पण खपून जात नाही. ते जाऊन बसतं दुसऱ्याच्याच डबीत.

डबीवर अजून पेन्सिलीनंच लिहिलेलं असतं. फक्त अक्षर आता जोलीनचं आहे. ‘जोलीन. बाबाकडून.’ आणि खाली, ऑरिननं डाव्या हातानं काढलेलं वाकडं ‘हं’.