शेवटच्या पायरीवरचा चहा

मी पाट्या रंगवते. टाकत नाही, हे आधीच सांगते, कारण माझ्या धाकट्या दिरांना तो विनोद फार आवडतो. भाऊजींचा शिड्यांचा कारखाना माझ्या दुकानाला लागूनच आहे. तो सासऱ्यांनी उभारला, आणि त्यांचा एक नियम होता. शिडी विकायला निघण्याआधी ती करणाऱ्याने तिच्या शेवटच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर बसून कपभर चहा प्यायचा. सावकाश, फुंकर मारत.

त्या दिवशी भाऊजी हात पुसत आले. "वहिनी, एक ओळ रंगवून द्या. 'यूज ॲट युअर ओन रिस्क.' सगळ्या नव्या शिड्यांवर. उद्या बागवाले न्यायला येतायत."

"म्हणजे वापरा, पण पडलात तर तुमचं तुम्ही बघा."

"तेच. सगळीकडे लिहितात हो. तलावावर, पार्किंगमध्ये."

"तलाव तुम्ही केला नाही, भाऊजी. पाणी खोल आहे हे माणसाला दिसतं, उतरायचं की नाही ते तो ठरवतो. तिथे ती ओळ शोभते. आपणच केलेल्या शिडीवर लिहिली की ते नुसतं हात झटकणं. चहा प्यायलात का यांच्यावर?"

भाऊजी छताकडे बघू लागले. "घाई होती. शिवाय मला ॲसिडिटी आहे."

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मला राग आला, आणि राग आला की मी फार गोड बोलते. म्हटलं, "लिहिते हं. आधी तुमच्या दारावरची पाटी उजळते. मामंजींचं नाव फिकं पडलंय." रंगाचा डबा घेतला, नव्यातली एक शिडी भिंतीला लावली आणि पाय ठेवला.

"ती नको, वहिनी. जुनी घ्या."

"का? नवी आहे की चांगली."

मी आणखी वर चढले. भाऊजींनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. तोंड पांढरं पडलं होतं. "पायऱ्या खाचेत बसवलेल्या नाहीत. नुसत्या चिकटवल्यात. उतरा हो, पाया पडतो."

खरं सांगते, भीती मलाही वाटत होती. हट्टापायी माणूस काय करील याचा नेम नाही. मी हळूच उतरले.

"आणि बागवाले कसे उतरले असते?" मी विचारलं. भाऊजींनी ती शिडी उचलून कारखान्यात नेली.

बागवाले आले ते फणकारून रिकामे परत गेले. भाऊजींनी सगळ्या शिड्या उकलल्या, खाचा पाडल्या, पाचरी ठोकल्या, आणि मग एकेका शिडीवर बसून स्वतः केलेला चहा प्यायले. तो चहा मी पूर्वी एकदा प्यायलेय. ॲसिडिटी कुठून येते ते तेव्हाच कळलं होतं.

लिहिते म्हटलं होतं, तो शब्द मी पाळला. ती ओळ एका छोट्या पाटीवर ठसठशीत लाल रंगात रंगवली आणि पाटी भाऊजींच्या चहाच्या किटलीवर टांगली.

शेवटच्या शिडीवरून भाऊजींनी हाक मारली, "वहिनी, घोटभर घेणार का? इथेच या वर."

मी पाटी नीट वाचली, कप भरून घेतला आणि चढले. भीती वाटली ती फक्त चहाची.