बाबांचा क्यूबा

बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या स्लाइड्स दाखवायच्या आहेत, असं मी ट्रॉयहून फोनवर दादाला सांगितलं. तो म्हणाला, "नायगाराच्या दाखव. क्यूबाच्या नाही."

बाबा साखर कारखान्यातले केमिस्ट. सन एकोणीसशे ऐंशीपासून दोन वर्षं ते क्यूबात कामाला होते, तिथल्या चाळीस स्लाइड्स त्यांनी आणल्या होत्या. निवृत्तीनंतर ते अमेरिकेत शुगर लँडला दादाकडे राहायला आले आणि घरी येईल त्याला त्या दाखवू लागले. दादाचे मित्र त्यांना 'कॉम्रेड काका' म्हणत, चौथ्या-पाचव्या स्लाइडला उठून जात. हॉस्पिटलमध्ये बाबांनी माझ्याकडे एवढंच मागितलं होतं की, एकदा सगळ्या चाळीस दाखव.

दादाची सिटिझनशिपची मुलाखत पुढच्या मंगळवारी होती. कम्युनिस्टांशी संबंध होता का, असं त्या फॉर्मवर विचारतात. बाबा तिथे साखर करायला गेले होते, पक्षात नव्हे, असं मी म्हटलं. तुला लांबून बोलायला काय जातं, असं तो म्हणाला.

रविवारी दुपारी त्रिशरण-पंचशील झालं. पडदे ओढून, भिंतीवर चादर लावून मी प्रोजेक्टर सुरू केला. पांढरा चौकोन आला. बटण दाबलं, पुन्हा पांढराच.

"गुरुवारच्या कचऱ्यात गेल्या," दादा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला.

"चला, कॉम्रेडबरोबर क्यूबाही गेला," पाहुण्यांतले गिरीशकाका म्हणाले. दोघंतिघं हसले.

स्लाइड्सचा क्रम मला पाठ होता. मी पहिल्यापासून सांगायला लागले. हवानातलं पावाचं दुकान. लोक पांगलेले दिसतात, पण ती रांगच आहे. येणारा 'शेवटचं कोण?' विचारतो, तो चेहरा लक्षात ठेवतो आणि सावलीत जाऊन बसतो. बाबांनी एकदा इथल्या सुपरमार्केटमध्ये असंच विचारलं होतं, तेव्हा दादा ट्रॉली तिथेच सोडून गाडीत जाऊन बसला होता. हेही मी सांगितलं.

नववी स्लाइड, तिसऱ्या मजल्यावरून दोरीने सोडलेली टोपली, तिच्यात कांदे. सतरावी, रेशनचं कार्ड ब्लाउजमध्ये खोचणारी म्हातारी. प्रत्येक वेळी बटण दाबत होते, चौकोन पांढराच येत होता. लोक एकेक करून जेवायला उठले. तिसावीपर्यंत समोर फक्त शेजारच्या अंजनामावशी उरल्या, आणि दारात दादा.

"एकतिसावी," मी म्हटलं. "उसाची बैलगाडी. गाडीवान टोपी काढून हसतोय."

"ट्रॅक्टर आहे तो," दादा म्हणाला. "आणि टोपी डोक्यावरच आहे. बाबांची टोपी."

त्याचं बरोबर होतं. बाबा दाखवायचे तेव्हा तो कधीच खोलीत थांबत नसे. म्हणजे फेकण्याआधी त्याने एकेक स्लाइड उजेडात धरून नीट पाहिली होती आणि मग फेकली होती. न पाहता फेकल्या असत्या तर मला एवढं लागलं नसतं.

"मग बत्तिसावी तूच सांग," मी म्हटलं.

तो आत आला, वाकला आणि त्याने भिंतीतला प्लग ओढला. मी अंधारातच अंजनामावशींना बत्तिसावी सांगायला लागले.