दुसऱ्या वाटीचं बिल

लोहाऱ्यातल्या खानावळीत पोरानं बिलाचं मशीन मालाचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला जोडलं आणि मालक जैनोद्दीनच्या डोक्याला ताप झाला. रोज तेल-मसाला बिलापेक्षा जास्त खपलेला दिसायचा.

“अब्बा, कुणीतरी चोरतंय!” फारुख म्हणाला.

“चोरतंय कोण? ताटासंगं मटणाचा शेरवा लागंल तेवढा फुकट वाढतो आपण, पहिल्यापासनं. तुझ्या डबड्याला काय कळणार?”

फारुखनं ऐकलं नाही. शेरव्याच्या दुसऱ्या वाटीपासून बिल लावलं. गिऱ्हाइकं वाट्या पालथ्या घालून उठली, ती परत फिरकलीच नाहीत.

आज फारुखनं डबे मोजले, मशीन बघितलं आणि हरखला. “अब्बा, माल तंतोतंत जुळला!”

जैनोद्दीननं थंड चुलीकडं बघितलं. “जुळंल न्हाय तर काय? आज पेटवलीच न्हाय म्या.”