खाली माणूस आहे

साहेब, माणूस तुम्ही मारलात. 'दुर्दैवी घटना' वगैरे गुळगुळीत शब्द मला लिहिता येत नाहीत आणि ते मला शिकायचेही नाहीत. तुमच्या अहवालात एक वाक्य आहे: मयताने ठरलेल्या पद्धतीप्रमाणे आवाज न दिल्यामुळे अपघात घडला. म्हणजे चूक त्याची. मेलेल्याच्या माथी मारलं की काम सोपं होतं, तो काही उठून भांडायला येत नाही. पण मी अजून धडधाकट आहे, आणि माझं तोंड कसं आहे हे तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे.

भोंग्याने आवाज दिला नाही म्हणे! आमच्या वर्गातल्या कुणालाही हे वाक्य वाचून दाखवा. आधी हसेल आणि मग तुमची गचांडी धरेल.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. भोंगा हा आमच्या वर्गातला मुलगा. त्याचं घर पिठाच्या गिरणीच्या माडीवर. गिरणी दिवसभर घरघरायची. त्या घरात हळू बोलणारा उपाशीच राहिला असता, कारण 'आई, भूक लागली' हे ओरडल्याशिवाय पोचायचंच नाही. त्यामुळे त्याला दुसरा आवाज असा नव्हताच. तो कानात गुपित सांगायला लागला तर शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी येऊन 'पुढे काय झालं?' म्हणायची. बाई त्याला वर्गाबाहेर उभं करायच्या, तर तो बाहेरून उत्तरं द्यायचा. आणि बरोबर द्यायचा, हे जास्त वाईट.

एकदा शाळेची घंटा तडकली. नवी येईपर्यंत काय करायचं? मोठ्या सरांनी भोंग्याला जिन्यात उभं केलं. घड्याळ बघायचं आणि 'तास संपलाऽऽ' म्हणायचं. वर्षभर ज्याला गप्प करत होते त्यालाच ओरडायची नोकरी! पठ्ठ्यानं गणिताचा तास निम्म्यावर संपवला. सरांनी विचारलं तर म्हणतो, "सर, घड्याळ पुढे असेल. माझा आवाज वेळेवर होता."

असा हा भोंगा फक्त एका माणसाचं ऐकायचा. मॉनिटरचं.

आमचा मॉनिटर अंगाने किरकोळ, केस चपचपीत, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. बाई वर्गात नसल्या की तो खडू घेऊन फळ्याशी उभा राहायचा आणि बोलणाऱ्यांची नावं लिहायचा. माझं नाव रोज असायचं. आडनाव कधीच नाही, नुसतं 'सुई'. मी टोचून बोलते म्हणून. मला त्या फळ्याची काडीची भीती नव्हती. पण भोंगा घाबरायचा. मॉनिटरने नुसता खडू उचलला तरी तो तोंडावर हात दाबून बसायचा, गाल फुगलेले, डोळ्यांतून हसू सांडतंय. नाव लागलं की घरी कळायचं, आणि घरी बापाचा हात गिरणीच्या पट्ट्यासारखा चालायचा.

तर साहेब, तो मॉनिटर म्हणजे तुम्ही. तुम्हाला खुर्ची मिळाली तेव्हापासून भोंगा सोडून आम्ही सगळे तुम्हाला 'तुम्ही' म्हणतो. खुर्चीचं म्हणाल तर ती मला आतून ठाऊक आहे. मी सोफे-खुर्च्यांना गाद्या बसवते, माझं दुकान आहे. तुमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मोठा हॉल आहे ना, त्यातली प्रत्येक खुर्ची माझ्या टाक्यांवर उभी आहे. तुम्ही म्हणाला होतात, "सुई, फोम जरा जाड घाल. पाहुण्यांना काही बोचता कामा नये." घातला मी जाड. आता वाटतं, एखादी टाचणी ठेवायला हवी होती.

भोंगा लिफ्टचं काम करायचा. तुमच्या इमारतीची लिफ्ट त्याच्याकडेच होती. लिफ्टच्या तळाशी खड्डा असतो, त्यात उतरून साफसफाई आणि तेलपाणी करावं लागतं. माणूस खाली असताना वरून लिफ्ट सुटली तर त्याला सरकायला जागा नाही. म्हणून मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात ठेवायची, अशी रीत आहे. तुमच्या स्विचच्या पेटीला कुलपाची कडीच नव्हती. तो मागत राहिला. तुम्ही 'बघू', 'करू', 'पुढच्या वेळी' म्हणत राहिलात. शेवटी त्याने स्वतःचा उपाय काढला. खड्ड्यात उतरला की सारखी हाक द्यायची, "खाली माणूस आहेऽऽ!" कधी नुसती, कधी चाल लावून. गळा हेच त्याचं कुलूप. सगळी इमारत ती हाक ओळखायची. हाक चालू आहे म्हणजे स्विचला हात लावायचा नाही. हाक थांबली म्हणजे काम झालं. ही पद्धत तुमच्या अहवालात 'ठरलेली' म्हणून आली आहे. कशामुळे ठरली ते मात्र आलेलं नाही.

तो गेला त्यानंतर आपल्या वर्गाने शोकसभा ठेवली. जुन्याच वर्गात. बाकं तीच, फक्त आपण फुगलो होतो, त्यामुळे बसताना सगळ्यांची पंचाईत. बाई आल्या होत्या, काठी टेकत. भोंग्याची बायको पहिल्या बाकावर होती. मी तिला वहिनी म्हणते. तिच्या शेजारी त्याचा कामातला जोडीदार, मान खाली घालून. आणि टेबलामागे अध्यक्ष कोण? तुम्ही. काय छाती आहे हो तुमची!

तुम्ही छान बोललात. "आपला लाडका मित्र. दिलखुलास माणूस. कामात मात्र जरा बेफिकीर."

वहिनीने तेव्हा मान वर केली. तिला तुमच्याकडून दुसरं काही नको होतं. तिची मुलगी शाळेतून रडत आली होती. कुणीतरी तिला म्हणालं होतं, तुझा बाबा स्वतःच्या चुकीने मेला. ही 'चूक' मुलीच्या डोक्यातून काढायची, एवढ्यासाठी ती घराबाहेर पडली होती.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, हे मीठ मागायचे तर खालच्या दुकानदाराला ऐकू जायचं. ते खड्ड्यात उतरून गप्प कसे राहिले?"

तुम्ही म्हणालात, "वहिनी, होतं असं. माणूस थकतो, विसरतो. चला, आपण दोन मिनिटं शांतता पाळू."

भोंग्यासाठी शांतता! सगळे उठले. खुर्च्या सरकल्या, बाक करकरलं, मग एकदम सामसूम. मी बसून राहिले. जोडीदाराकडे बघत होते. आणि त्या सामसुमीतच तो बोलला.

"अशीच शांतता होती."

"काय?" मी विचारलं.

"सुई, नंतर," तुम्ही दबक्या आवाजात म्हणालात.

"नंतर नाही. बोल रे तू. काय अशीच होती?"

मग तो बोलला, तुटक तुटक, वहिनीकडे बघून. हॉलमध्ये पाहुणे बसले होते. लिफ्टचं दार हॉलला लागूनच. भोंगा खड्ड्यात, जोडीदार दारात उभा राहून हत्यारं देतोय. हाक चालू. साहेब हॉलमधून बाहेर आले, दारातून वाकले आणि हसून म्हणाले, "ए भोंग्या, आवाज बंद. आत माणसं बसलीत. फळ्यावर नाव लिहू का?"

"मग?" वहिनीने विचारलं.

"मग दादा हसले. तोंडावर हात दाबला, असा." जोडीदाराने हात दाबून दाखवला. गाल फुगवून.

अख्ख्या वर्गाने ते बघितलं.

"साहेब मला म्हणाले, हॉलमधला एसी पाहुण्यांवर पाणी टाकतोय, आधी तो बघ. लिफ्टचं दार ओढून घे, उघडं बरं दिसत नाही. मी म्हटलं, दादा एकटे आहेत खाली. तर म्हणाले, तो काय पळून जातोय? मी गेलो वहिनी. पाहुणे उठले तेव्हा मी स्टुलावर होतो."

पुढचं वॉचमनने वहिनीला आधीच सांगितलं होतं, पण तोपर्यंत तिला त्याचा अर्थ लागला नव्हता. पाहुण्यांना वर जायचं होतं. तुम्ही वॉचमनला लिफ्ट चालू करायला सांगितलीत. तो म्हणाला, "साहेब, काम झालं का?" तुम्ही म्हणालात, "आवाज येतोय का? नाही ना? मग चालू कर."

साहेब, आवाज येत नव्हता, कारण तुम्हीच तो बंद करायला सांगितला होता. आणि थोड्याच वेळात ते तुमच्या डोक्यातून गेलं. पाहुण्यांचा चहा मात्र डोक्यात राहिला.

वर्गात तुम्ही टेबलावर हात आपटलात. "ही काही चौकशीची जागा नाही," म्हणालात. बरोबर आहे, ती शाळा आहे. तिथे प्रश्न विचारतात आणि येत नसेल तर उभं राहावं लागतं. मी फळ्याशी गेले. खडू हातात घेतला. तुम्ही थबकलात, मी पाहिलं. मी नाव लिहिलं नाही. मी तोंड उघडलं आणि पोटातून ओरडले, "खाली माणूस आहेऽऽ!"

पहिल्यांदा नुसता माझाच आवाज. मग जोडीदाराचा. मग मागच्या बाकावरून कुणी, खिडकीशी उभं असलेलं कुणी. बाईंनी काठी आपटून आपटून ताल धरला. ज्या वर्गात आम्हाला गप्प बसायला शिकवलं त्याच वर्गात आम्ही दोन मिनिटं बेंबीच्या देठापासून ओरडलो. वहिनी ओरडली नाही. ती ऐकत होती, डोळे मिटून. नंतर म्हणाली, "ताई, चाल चुकली तुमची. पण असंच."

या गोंधळात तुम्ही मागच्या दाराने गेलात. दुसऱ्या दिवशी तुमच्या माणसाचा मला निरोप: साहेब म्हणतात, जुन्या मैत्रीत कटुता नको, अहवाल आता वर गेला आहे, बदलता येणार नाही.

वर गेलाय तर खाली आणा. तुमच्याकडे लिफ्ट आहे.

मी शाळेनंतर शिकले नाही. लिहायला शिकले ते दुकानांच्या पाट्या आणि रद्दीतले कागद वाचून. माझ्या वाक्यांना नीट गादी नसते, बोचतात. बोचू देत. जोडीदाराने त्याचं म्हणणं सही करून दिलं आहे, वॉचमनने दिलं आहे, आणि वर्गातला प्रत्येक जण मी हाक मारीन तिथे यायला तयार आहे. आम्ही आता गप्प बसणाऱ्यांतले नाही.

आणि 'तुम्ही' पण पुरे झालं. भोंगा तुला मरेपर्यंत 'तू'च म्हणत होता, म्हणून तर त्याला ती फळ्याची गंमत वाटली. त्याला वाटलं, आपला मॉनिटर आलाय. तो साहेबाचं ऐकून गप्प बसला नाही, मित्राचं ऐकून बसला.

तर मॉनिटर, उभा राहा. त्याच्या मुलीसमोर उभा राहा आणि तुझ्या तोंडाने सांग: तिच्या बाबाला गप्प कुणी केलं? आणि बटण दाबायला सांगण्याआधी, दार उघडून एकदा तरी का नाही विचारलंस, खाली कोण आहे?