काळ्या डबीची वायर

“आई, त्या वायरला हात लावू नका हं,” माझी सून रीने स्वयंपाकघरातून ओरडली, आणि मी वायर ओढली.

चुकून ओढली, असं मी तिला सांगितलं. शेजारच्या विर्वेलाही तेच सांगितलं. आता कागदावर खोटं लिहून काय मिळवायचंय? मला टेबलावर लोकरीचे गुंडे ठेवायचे होते हे खरं. पण टेबल मोठं आहे, आठ माणसं जेवतील एवढं, आणि घरात आम्ही दोघीच. मी ओढली ती ओढलीच, आणि तीही वाकडी, गळावरून मासा हिसकतात तशी.

रीने उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं घेऊन आली. तिने लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या वायरीकडे. पातेलं खाली ठेवलं.

“काम चालू होतं त्यात.”

“मला काय कळतंय तुझ्या त्यातलं.”

“कळतं तुम्हाला,” ती म्हणाली. एवढंच. आवाज चढवला असता तर मी दोन शब्द सुनावले असते.

रीने म्हणजे माझ्या मुलाची, तावीची बायको. समुद्रापलीकडच्या पार्नू शहराची पोरगी, बेटावर नव्हे, मुख्य जमिनीवर वाढलेली. तावीशी लग्न केलं आणि आमच्या किह्नू बेटाचा पट्ट्यापट्ट्यांचा घागरा तिने असा नेसला की जन्मली तीच त्यात. चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये समुद्रावरचा बर्फ सडून ठिसूळ झाला होता, मी नको म्हणत होते, तरी तावी त्यावरून मोटारसायकल घेऊन गेला, तो परत आला नाही. आमच्याकडे घागऱ्यावरून बाईचं सुखदुःख कळतं. लाल पट्टे सुखाचे. दुखवट्यात काळे-निळे, आणि मग दरसाल थोडा थोडा लाल परत येतो. घरचा माग माझा. गेली चार वर्षं रीनेचा घागरा मी विणते, आणि लाल किती टाकायचा ते मी ठरवते. मी टाकला नाही. तिने कधी विचारलं नाही.

तिचं काम त्या काळ्या डबीत. साबणाच्या वडीएवढी डबी, पण आत म्हणे सात संगणक. ती त्यांना आभासी म्हणते. लॅपटॉपच्या पोटात एवढी जागा नाही, म्हणून डबी बाहेरून जोडायची आणि त्यातला एकेक संगणक उघडायचा, कुठला जुना, कुठला नवा. मग राजधानीतल्या, तालिनच्या कंपनीने इस्पितळांसाठी केलेला प्रोग्रॅम प्रत्येकावर चालवून बघायचा, कुठे कोसळतो ते.

“म्हणजे पाडायची नोकरी,” मी म्हटलं होतं.

“इथे पडला तर इस्पितळात पडत नाही, आई.”

“आणि आतल्या त्या संगणकाला कळतं का, आपण डबीत आहोत ते?”

“नाही. त्याला वाटतं, आपणच खरे. बाहेर काही नाहीच.”

“मग आपल्या विर्वेसारखंच की.” तेव्हा दोघी हसलो होतो.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली होती. आतल्या संगणकाची एक प्रत जपून ठेवता येते. पुढे काही बिघडलं की त्या दिवसावर परत जायचं, मधलं काही घडलंच नाही. मार्चचा तो दिवस माझ्याही डोळ्यांसमोर होता, तिच्याही.

शुक्रवारी विमान होतं. बोट बंद, बर्फ अजून गाडी पेलत नव्हता. अशा दिवसांत बेटाला दार म्हणजे ते एवढंसं विमान. आमच्या इंटरनेटवरून डबीतलं ओझं जात नाही, म्हणून सगळे निकाल पुरे करून डबी तिने स्वतः तालिनला न्यायची होती. काम पसंत पडलं तर तालिनमध्ये कायमची नोकरी. “दोन दिवसांत येतेच,” ती मला म्हणाली. पण तिच्या खोलीच्या भिंतीवरचा तावीचा फोटो गेला होता, खिळा तेवढा राहिला होता. दोन दिवसांसाठी कोण नवऱ्याचा फोटो नेतं?

म्हणून बुधवारी मी वायर ओढली.

जेवून तिने डबी उलटसुलट पाहिली. वायर बसायची खाच वाकली होती. अशी दुसरी डबी बेटावर नाही. दुकानात फोनच्या वायरी मिळतात, पण बिघाड वायरीचा नव्हताच. तिने लॅपटॉप मिटला.

“राहू दे. घागऱ्याचं विणकाम कुठवर आलंय?” आणि मागावर जाऊन बसली. मी सांगायच्या आत तिने धोटा उचलला. काळ्या लोकरीचा.

मला हवं होतं ते झालं होतं. पोरगी घरात, मागावर, हातात काळी लोकर. खट् खट्, खट् खट्. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. अर्ध्या तासात माझ्या अंगावर शहारे आले. माझी सासू मला अशीच बसवायची.

“ती प्रत,” मी म्हटलं, “कोणत्या दिवसाची आहे?”

माग थांबला. “सोमवारची. सकाळची.”

“ती उघडते का?”

“वायर दाबून धरली तर उघडेल. सुटली की परत सगळं कोसळणार. तीन दिवसांचं काम एका दिवसात, आणि दिवसभर कोण धरून बसणार?”

“मला काय हात नाहीत?”

गुरुवारी लापशी खाऊन बसलो. आधी तिने चिमटा लावून पाहिला, मग इस्त्री टेकवली. टेबल हललं की लॅपटॉपचा पडदा काळा. तिसऱ्यांदा गेला तेव्हा मीच म्हटलं, “दे इकडे.” अंगठा आणि तर्जनीत पकडलं. खाच कुठे दुखतेय ते बोटाला कळतं, इस्त्रीला कुठलं कळायला? जाळ्याची गाठ धरल्यासारखी धरली. डबी हळूहळू गरम झाली, आजारी पोराच्या कपाळासारखी.

ती कळफलक बडवत होती, मी पुतळा. नाक खाजलं तरी तिलाच सांगायचं. दुपारी तिने मला भरवलं, काळा पाव आणि धुरावर सुकवलेला मासा.

तेवढ्यात विर्वे आली. “अगंबाई! सासूला खुंटीला बांधलंस?”

“टेबलाला हात लावशील तर बघ,” मी म्हटलं. “आणि दार लाव. वारा येतोय.”

“चुकून ओढलीस म्हणालीस ना? म्हणून ही शिक्षा?”

मी वायरीवरची नजर काढली नाही. रीनेनेही वर पाहिलं नाही. म्हणाली, “आईंचा हात आहे म्हणून चाललंय, विर्वेमावशी.”

विर्वे गेल्यावर पुष्कळ वेळाने मी म्हटलं, “फोटोला तिकडे चांगला खिळा ठोक. वाकडा टांगू नकोस.”

तिची बोटं थांबली. मग परत चालू झाली.

अंधारायच्या आत सातवा संगणक बंद झाला. “सोडा आता, आई.” मला सोडता येईना. तिने एकेक बोट उलगडलं आणि हात आपल्या हातात चोळत बसली.

शुक्रवारी विमानापाशी ती कोटाखाली काळा-निळा घागराच नेसून आली होती. डबी तावीच्या लोकरी मोज्यात. “दोन दिवसांत—” तिने सुरुवात केली.

“जा. वैमानिक खोळंबलाय,” मी म्हटलं.

घरी येऊन मागावर बसले. लाल लोकर पेटीच्या तळाशी होती, तिला कापराचा वास लागला होता. उजवा अंगठा वळेना, म्हणून धोटा डाव्या हाताने टाकला. संध्याकाळपर्यंत एक लाल पट्टा झाला, बोटभर रुंद, कडेला जरा वाकडा. उसवला नाही. माप रीनेचं आहे. माझ्या कमरेला तो घागरा यायचा नाही.